नुसत्या रेघा आणि चौकोन, यात छापणाऱ्याची कारागिरी कुठे असते?

कोराकागद: लिनोकट (लिनोलियमच्या तुकड्यावर कोरून, शाई लावून छापणं) करायला लागल्यापासून नेटवर मोठमोठ्या लोकांचे प्रिंट्स बघत बसतो, त्यात अमेरिकन चित्रकार अ‍ॅग्नेस मार्टिनची 'ऑन अ क्लिअर डे' ही 1973 ची मालिका सापडली, 30 स्क्रीनप्रिंट्स (ताणलेल्या बारीक कापडातून शाई ढकलून छापलेले) आणि सगळ्यात नुसत्या राखाडी रेघा, कुठे जाळी तर कुठे फक्त आडव्या. बघायला भारी वाटतं पण खरं सांगा, पट्टी घेऊन पेन्सिलने मारल्या असत्या तर काय बिघडलं असतं? आणि जाता जाता अजून एक, मला साधा भरीव काळा चौकोन छापायचाय तर त्यात दरवेळी पांढरे ठिपके येतात, काय करू?

शाईचेहात: फरक पडतोच की. पेन्सिलच्या रेघेत हात दिसतो, कुठे दाब जास्त पडलाय, कुठे कागदाच्या खरखरीवर अडखळलीये, आणि मार्टिनची कॅनव्हासवरची कामं तर त्या थरथरीवरच उभी आहेत. स्क्रीनमधून उतरलेली रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखीच, मग आपण बघतो काय तर दोन रेघांमधलं अंतर आणि भोवतीचा कोरा समास. शिवाय 1967 ला तिने पेंटिंग सोडून दिलं होतं, त्यानंतरचं हे पहिलं मोठं काम, उगाच टाइमपास म्हणून केलेलं नाही.

तांब्याचापत्रा: स्क्रीनप्रिंटचं मला एवढं कौतुक नाही बुवा. खरी परीक्षा अ‍ॅक्वाटिंटमध्ये, म्हणजे धातूच्या पत्र्यावरून सपाट छटा छापण्यात. पत्र्यावर राळेची पूड उडवायची, खालून तापवून चिकटवायची, मग अ‍ॅसिड त्या कणांच्या मधल्या फटीतून धातू खातं आणि त्या खड्ड्यांत बसलेल्या शाईतून सपाट टोन मिळतो. पूड जरा कमीजास्त पडली किंवा तेलकट बोट लागलं की डाग आलाच. निसर्गचित्र असेल तर तो ढगात खपून जातो, अख्ख्या प्रिंटमध्ये एकच करडा आयत असेल तर कुठे लपवणार?

उंबरठा: आणि कमी आकार म्हणजे कमी अर्थ असंही नाही हां. भारतात जन्मलेल्या चित्रकार झरीना हाश्मीचं 'होम इज अ फॉरेन प्लेस' बघ, 1999 चं, 36 वुडकट्स, म्हणजे लाकडात कोरून छापलेले प्रिंट्स. काळे साधे आकार, सोबत एकेक उर्दू शब्द. घर सुटल्याची सगळी गोष्ट त्यात आहे, माणूस एकही नाही.

शाईचेहात: ठिपक्यांचं राहिलंच. शाई सगळीकडे पोचत नाहीये. लिनो बारीक पॉलिश पेपरने हलकं घासून पुसून घे, शाई एकदम थापू नको, पातळ थर चार-पाच वेळा दे, रोलरचा बारीक चरचर आवाज आला पाहिजे, पचपच वाजलं तर जास्त झाली. कागद गुळगुळीत घे. प्रेस आहे का चमच्याने घासतोस?

कोराकागद: चमचा.

शाईचेहात: मग घाई नको, भरीव भागाला जोर लागतो. एक बाजू हाताने दाबून धर, दुसरा कोपरा उचलून बघ, फिकट दिसला तर तिथे परत शाई लाव आणि कागद तसाच खाली सोड.