मदत हवी आहे: ८० मिमी रिफ्रॅक्टर दुर्बिणीवर कॅमेरा फोकस होत नाही

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे ८० मिमी व्यासाचा, ४०० मिमी फोकल लांबीचा रिफ्रॅक्टर (भिंगाची दुर्बीण) आहे. आयपीसमधून (डोळ्याजवळच्या भिंगातून) चंद्र अगदी स्वच्छ दिसतो. पण डायगोनल (प्रकाश काटकोनात वळवणारा आरसा) काढून टी-रिंगने (कॅमेरा दुर्बिणीला जोडणाऱ्या कड्याने) कॅनन ईओएस डीएसएलआर कॅमेरा जोडला, की फोकसरची (फोकस जुळवायची सरकती) नळी पूर्ण बाहेर काढूनही चंद्र धूसरच. डायगोनल ठेवून पाहिलं, तर उलटं होतं: नळी पूर्ण आत नेली तरी फोकस सेन्सरच्या अलीकडेच पडतो.

काल कॅमेरा काढून, नळी पूर्ण बाहेर ठेवून मागे पांढरा कागद धरला. साधारण साडेसात सेंटिमीटरवर चंद्र रेखीव उमटला, जेमतेम साडेतीन-चार मिलिमीटरचा. (हे बघताना फार आनंद झाला!) टी-रिंगच्या पुढच्या कडेपासून कॅमेऱ्याच्या सेन्सरचं अंतर ५५ मिमी, म्हणजे मला सुमारे २ सेंटिमीटर कमी पडतात, बरोबर ना?

मग ३० मिमीची एक्स्टेन्शन ट्यूब (अंतर वाढवणारी जोडनळी) घ्यावी की ५० मिमीची? लांब ट्यूब घेतली तर कॅमेऱ्याच्या वजनाने फोकसर झुकेल अशी भीती वाटते. बार्लोनेही (प्रतिमा मोठी करणाऱ्या जोडभिंगानेही) फोकस मागे सरकतो म्हणतात, पण मला कृत्तिका टिपायच्या आहेत, त्यामुळे दिसणारं आकाशाचं क्षेत्र लहान करायचं नाही. कुणी असा सेटअप वापरला असेल तर कृपया सांगा.