हॉटेलच्या टॉवेलचे चार लाख अडकलेत, कोर्टात न जाता मिटवायचं कसं?

टॉवेलवाला_एमआयडीसी
नमस्कार मंडळी, सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं टेरी टॉवेलचं छोटं युनिट आहे. हैदराबादच्या एका पार्टीला हॉटेलसाठी २४०० बाथ टॉवेल दिले, १८०० पांढरे आणि ६०० मरून, बिल साडेपाच लाखाच्या आसपास, त्यातले दीड आधी आले, बाकी चार राहिले. माल पोचून सहा आठवडे झाल्यावर म्हणतात मरूनचा रंग सुटतोय, आणि आता जीएसएम (एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन) पण कमी भरतोय असं काढलंय. पूर्ण पेमेंट थांबवलंय. करार असा काही नाही, पीओ (परचेस ऑर्डर) आणि व्हॉट्सॲपवरचं बोलणं एवढंच. उद्यम रजिस्ट्रेशन (छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी) चार वर्षांपूर्वीचं आहे. पार्टी तोडायची नाहीये, वर्षाला दोन-तीन ऑर्डर येतात त्यांच्या, पण धाग्याचे पैसे मला द्यायचेच आहेत ना. कोर्ट नको, काय करू?

हिशोबनीस
आधी एक सांगा, पांढऱ्या टॉवेलबद्दल रंगाची तक्रार असूच शकत नाही, मग त्याचे पैसे का अडकलेत? ६०० मरूनचे धरले तर एक लाख अडतीस हजाराच्या आसपास होतात, म्हणजे वाद तेवढ्याचा. उरलेले अडीच लाखाच्या वर आहेत ते आधी मागा, वेगळा मेल टाकून, की मरूनचं बसून ठरवू पण हे सोडा. समोरचा प्रामाणिक असेल तर याला नाही म्हणणं अवघड जातं त्याला. आणि नाही म्हणालाच तर रंग हे निमित्त आहे, त्याच्याकडे पैसाच नाहीये, हे कळेल. दोन्हीचे उपाय वेगळे असतात.
जीएसएमचं भांडण तोंडाने करूच नका. ३० बाय ६० इंचाचा टॉवेल ५०० जीएसएमचा असेल तर साधारण ५८० ग्रॅम भरायला पाहिजे, काटा दोघांकडे आहे की. रंगाचं मात्र लॅबला द्या, टेक्स्टाइल्स कमिटीची मुंबईला आहे, रिपोर्ट दोघांनी मान्य करायचा असं आधी लिहून घ्या, आणि खर्च ज्याचं चुकलं त्याचा.

जुना_पेठकर
मालक, मेलबिल सोडा. ऑर्डर दलालामार्फत आली असेल तर त्याला मधे बसवा, त्याची दलाली पण अडकलीच असेल. आपल्याकडं चादरीच्या धंद्यात वर्षानुवर्षं असंच मिटत आलंय, चार टक्के इकडं चार टक्के तिकडं, चहा पिऊन विषय संपला. एकदा सरकारी पोर्टलवर तक्रार टाकली की मार्केटमधी नाव होतंय, हा माणूस केस करतो म्हणून, मग दुसरे पण ऑर्डर द्यायला कचरतात.

ॲडव्होकेट_ताई
पेठकर काका, दलालाला बसवायला माझी ना नाही, पण बोलणी चालू असताना कागद तयार ठेवायला काय हरकत आहे. टॉवेलवाले भाऊ, तुमच्यासाठी महत्त्वाचं हे:
एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) कायदा २००६ चा आहे, त्यात माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही तर माल डिलिव्हरीच्या दिवशीच स्वीकारला असं धरतात. तुमच्या पार्टीची तक्रार सहा आठवड्यांनी आलीय. याचा अर्थ रंग सुटलाच नाही असं नाही हां, ते त्यांना मांडता येईल, पण पेमेंटची मुदत मात्र डिलिव्हरीपासूनच मोजली जाणार. पीओवर ९० दिवस लिहिलं असेल तरी ४५ च्या वर चालत नाही, आणि काहीच लिहिलं नसेल तर १५ च. पुढे व्याज रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, तेही महिन्याच्या चक्रवाढीने.
तक्रार करायची वेळ आलीच तर एमएसएमई मंत्रालयाच्या ऑनलाइन पोर्टलवरून आपल्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे (थकलेल्या बिलांचे वाद बघणारी सरकारी समिती) जाते, पार्टी हैदराबादची असली तरी सप्लायर इथला म्हणून इथलीच कौन्सिल. तिथे आधी तडजोड करायला लावतात, नाही जमली तर लवाद. निकाल त्यांच्या विरोधात गेला आणि त्यांना आव्हान द्यायचं असेल तर आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते, म्हणून पुष्कळ पार्ट्या तडजोडीलाच तयार होतात. कौन्सिलने निकाल ९० दिवसांत द्यावा असं कायद्यात लिहिलंय, पण त्यावर फार विसंबू नका.
आणि कोर्टात जायचं ठरवलंत तरी तीन लाखाच्या वरच्या व्यापारी दाव्यात तातडीचा मनाई हुकूम वगैरे नको असेल तर आधी मीडिएशन (मध्यस्थामार्फत तडजोड) करावंच लागतं, सुप्रीम कोर्टाने २०२२ ला ते सक्तीचं म्हणून सांगितलंय. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायचा. तिथे ठरलेला समझोता लवादाच्या निवाड्यासारखा अंमलात आणता येतो, म्हणजे नुसत्या शब्दावर राहत नाही.

टॉवेलवाला_एमआयडीसी
ताई, काका, हिशोबनीस, सगळ्यांचे आभार. अडीच लाखाचा मेल आजच टाकतो, दलालाला पण फोन करतो. समजा ते म्हणाले मरूनवर निम्मी सूट द्या आणि सेटल करा, तर देऊन टाकू का? आणि पुढच्या पीओत नक्की काय लिहायचं?

ॲडव्होकेट_ताई
निम्मी द्यायची का हे लॅब रिपोर्ट बघून ठरवा. पण 'फुल अँड फायनल' असं लिहून देऊ नका पैसे खात्यात येईपर्यंत, लिहायचंच तर "इतकी रक्कम अमुक तारखेपर्यंत आली तरच सूट लागू, नाहीतर मूळ बाकी कायम" असं लिहा. चेक घेतलात तर त्याची तारीख लक्षात ठेवा, परत आला तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस द्यावी लागते. आणि बोलणी लांबत गेली तर बाकी रकमेचं कन्फर्मेशन त्यांच्याकडून सही करून घेत राहा, वसुलीची मुदत तीन वर्षं आहे आणि गप्पा चालू आहेत म्हणून ती थांबत नाही.
पीओत: सही केलेलं सँपल दोघांकडे एकेक, जीएसएमला किती टक्के फरक चालेल, धुण्याची पद्धत (हॉटेलवाले ब्लीच मारतात आणि रंग सुटला म्हणतात!), तक्रार किती दिवसांत आणि लेखीच. वाद झाला तर आधी दोन्ही मालक बसतील, मग मीडिएशन, मग एकच लवाद दोघांच्या संमतीने, जागा सोलापूर. त्यांच्या छापील पीओत "लवाद आम्ही नेमू" असं असतं बऱ्याचदा, ते खोडा, एकतर्फी नेमणूक कोर्टात टिकत नाही आणि तुमचं वर्ष त्यातच जातं.

हिशोबनीस
मार्च जवळ आला की त्यांच्या सीएलाही सीसी करा एकदा. छोट्या उद्योगाचं बिल मुदतीत दिलं नाही तर त्या वर्षी तो खर्च वजा करता येत नाही, २०२४ पासून. आमच्या दोन पार्ट्यांनी त्या एका मेलवर पैसे सोडले, भांडण नाही काही नाही.

जुना_पेठकर
ते ब्लीचचं ताईंनी बरोबर धरलं बघा. त्यांच्या लाँड्रीत काय टाकतात ते आधी विचारा, मग लॅबला पाठवा.