नुसतं २६ सांगून भागत नाही

सायकलीचा नवा टायर रिमवर बसला नाही म्हणून 'दुकानदाराने मुद्दाम चुकीचा टायर गळ्यात मारला' असं तुम्ही म्हणता, ते मला तितकंसं पटत नाही. २६ चा (म्हणजे २६ इंची) मागितला, २६ चाच मिळाला, तरी तो रिमवर न बसणं अगदी शक्य आहे. जुन्या लेडीज सायकलींचा २६ × १ ३/८ आणि एमटीबीचा (माउंटन बाइकचा) २६ × १.७५, छापलेलं दोन्हींवर २६ च. पण टायर रिमवर जिथे बसतो तिथला व्यास पहिल्याचा ५९० मिमी, दुसऱ्याचा ५५९. ३१ मिमीचा फरक! तिथे कितीही जोर लावून काही होत नाही.

आईच्या सायकलीसाठी मी असाच टायर आणला होता. तासभर झटापट केली, अंगठ्याची साल गेली, शेवटी कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी जुना टायर फडक्याने पुसला आणि बाजूवर उठवलेला बारीक आकडा दाखवला : ३७-५९०. पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा तो व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. रुंदी थोडी कमीजास्त चालते, दुसरा आकडा मात्र तंतोतंत जुळायलाच हवा. आता मी दुकानात जाताना त्या आकड्याचा फोटो काढून नेतो. काकांनी त्या दिवशी पैसेसुद्धा घेतले नाहीत.

तुमचा नवा टायर अजून वापरला नसेल तर जुन्या-नव्या दोन्ही टायरांचे आकडे ताडून बघा आणि बदलून मागा. २७.५ च्या एमटीबीवर ५८४ दिसेल, ७००सी आणि २९ छापलेल्या टायरांवर ६२२.