अनुभव धागा: बोट कोचीला लागली की काय घ्यावं आणि कसं पारखावं

निळीशाई
फराळाआधीची आवराआवर. वरच्या फळीवर फडक्यात गुंडाळलेला आरन्मुळा आरसा हाताला लागला आणि कोची बंदराचा धक्का आठवला. मुंबईहून पर्यटनाच्या (क्रूझ) बोटी जाताहेत, सुट्ट्याही येतील, म्हणून धागा काढते. ‘मजा आली’ नको. दुकानात उभं राहून काय बघायचं तेवढं लिहा.

आरशापासून सुरुवात करते. हा काचेचा नसतो, धातूचा असतो. तांबं आणि कथील. पंपा नदीकाठच्या आरन्मुळा गावातली मोजकी घराणी करतात, प्रमाण बाहेर सांगत नाहीत. पण संशोधकांनी तपासलं तेव्हा कथील एक तृतीयांशाच्या आसपास निघालं, म्हणजे आपल्या काशाहून बरंच जास्त. त्यामुळेच झिलई येते आणि त्यामुळेच तो ठिसूळ होतो. पडला तर पोचा येत नाही, तुकडे होतात. भौगोलिक मानांकन २००४-०५ चं.

पारख: जाड कागदाचा कोपरा आरशाला टेकवा (नख नको, डाग पडतो). काचेच्या आरशात कोपरा आणि प्रतिबिंब यांच्यात फट दिसते, कारण मुलामा काचेच्या मागे असतो. इथे पृष्ठभागच आरसा, म्हणून टोकाला टोक भिडतं. पण चकचकीत पोलादही ही परीक्षा पास होतं! म्हणून दुसरी परीक्षा: ट्यूबलाइटची सरळ रेघ आरशात बघत तो हळूहळू तिरका करा. रेघ वळवळली तर घासकाम कच्चं. दोन-तीन इंचांचाही हजारांत जातो. पाचशेला देत असतील तर हसून पुढे व्हा.

पाटावरवंटा
छान धागा. उरुळीबद्दल लिहिते. पसरट, जाड काठाचं काशाचं भांडं. त्रिशूरजवळचं नडवरंबा आणि आलप्पुळा जिल्ह्यातलं मान्नार ही कामाची गावं, कोचीच्या दुकानांत माल तिथलाही येतो. विकताना सगळ्यालाच ‘बेल मेटल’ म्हणतात, त्यात पितळही खपवतात. कासं म्हणजे तांबं साधारण ७८ आणि कथील २२. पितळेत कथिलाच्या जागी जस्त.

पाच बोटांच्या टोकांवर भांडं तोलून धरा, तळहात टेकवू नका, आणि काठावर लाकडी दांड्यानं टिचकी मारा. कासं लांबवर घुमतं, पितळ लवकर विझतं. मध्येच ‘खर्रर्र’ आलं तर भेग आहे, ठेवून द्या. मग पाणी भरून पाच मिनिटं कागदावर ठेवा. ओतकामात सुईच्या टोकाएवढी भोकं राहतात, ती झाळून बुजवलेली असतात आणि विस्तवावर पुन्हा उघडतात.

भाव किलोवर विचारा, नगावर नाही. आणि वजन समोर.

शेवग्याची_शेंग
उरुळी घ्यायला कोचीला कशाला? हडपसरच्या पुढे आहे की. 😀

उंडगा
आणि कांचन फुकट.

पाटावरवंटा
😀😀 बसा आता दोघं. वापराचं राहिलंच. नव्या उरुळीत तांदळाची पेज दोन-तीन दिवस उकळून टाकून द्यायची, मग स्वयंपाक. रिकामी तापवून गार पाणी ओतलं की तडकते. इंडक्शनवर चालत नाही, लोखंड नाही त्यात. फुलं-पाण्यासाठी हवी असेल तर पितळेची घ्या, निम्म्या पैशात काम होतं. पितळेत आंबट शिजवायचं तर कल्हई हवीच.

नाखवा
वेळेचं गणित आधी. बोट लागते विलिंग्डन बेटावर. बंदर खोल करताना उपसलेल्या गाळानं बनलेलं बेट, तिथे बाजार नाही. बाजार मट्टणचेरीच्या ज्यू टाऊनमध्ये, पुलावरून सहा-सात किलोमीटर. बोट आठ तास थांबणार असेल तर हातात साडेपाच धरा: उतरायची रांग, गेटपर्यंतची बस, परतीची सुरक्षा तपासणी. सुटायच्या वेळेआधी तासभर तरी आत असावं लागतं, नेमकी वेळ बोटीवरच्या पत्रकात बघा.

गेटबाहेरचा रिक्षावाला अगदी कमी पैशात ‘सगळं दाखवतो’ म्हणाला तर तो दुकानांच्या कमिशनवर फिरवतोय. काही दुकानं नुसतं गिऱ्हाईक आत आणलं तरी देतात. त्याला दोष नाही, पण तुमचे दोन तास जातात. ‘दुकान नको, ज्यू टाऊनच्या तोंडाशी सोड’ असं सांगून भाडं ठरवा.

शनिवारी तिथलं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ, १५६८ चं) बंद असतं. ते बघायचं असेल तर वार पाहून घ्या.

राईनकाठ
बोटीत काय चढू देत नाहीत ते कोणीतरी लिहा.

नाखवा
लिहितो, जेवण होऊ दे.

गजरेवाली
कसव साडीवर मी. ‘कसव’ म्हणजे जर. पांढऱ्यावर सोनेरी काठ दिसला की लोक साडी समजून सेट मुंडू उचलतात. तो दोन तुकड्यांचा असतो, प्रत्येकी साधारण पावणेतीन मीटर. घरी येऊन निऱ्या पुरत नाहीत म्हणून रडारड! अखंड साडी हवी तर तसं सांगा, लांबी मोजून घ्या, ब्लाउजपीस आहे का विचारा.

जरीचे तीन प्रकार: चांदीच्या तारेवर सोन्याचा मुलामा (महाग, मागितल्याशिवाय दाखवत नाहीत), तांब्याच्या तारेची, आणि प्लास्टिकची. पदराच्या टोकाचा लोंबता धागा मागून घ्या आणि बाहेर जाऊन काडी लावा. प्लास्टिक आक्रसून गोळी होते, धातूची तार मागे उरते. नखानं खरवडून लालसर दिसलं तर तांबं.

हातमागाचा हँडलूम मार्क बघा. चेंदमंगलमचं कापड कोचीपासून जवळच विणलं जातं, त्याला मानांकनही आहे. एर्नाकुलमच्या एमजी रोडवर कैरली आणि सुरभी ही हस्तकलेची दुकानं आहेत, एक सरकारी महामंडळाचं, दुसरं सहकारी संघाचं. भाव ठरलेले. आधी तिथे नजर टाकली तर मट्टणचेरीत घासाघीस कुठून सुरू करायची ते कळतं. रविवारी उघडं असेल असं धरून चालू नका.

उंडगा
मिरी, वेलचीचं कोण लिहिणार? सगळा ज्यू टाऊन त्याच वासाचा आहे.

गजरेवाली
धागा हस्तकलेचा आहे ना?

पाटावरवंटा
असू दे गं, सगळे घेतातच. पटकन: दालचिनीच्या कांडीचं तोंड बघायचं. सिगारच्या पानांसारखे पातळ थर असतील तर खरी, एकच जाड साल आत वळलेली असेल तर कॅशिया. मिरी पाण्यात टाकली की भरीव बुडते, पोकळ दाणे आणि पपईच्या बिया तरंगतात. ‘तेलिचेरी’ हे जातीचं नाव नाही, आकाराचं आहे, ४.२५ मिलिमीटरच्या वरचा दाणा. वेलची फार हिरवीगार असेल तर ओल्या पांढऱ्या रुमालावर चोळा, रंग उतरला तर रंगवलेली. केशर तिथलं नाहीच, कशाला घेता.

काकाश्री
माझ्या मते बोटीवरून उतरणाऱ्यानं लाकूड घेऊच नये. पण घेणारच असाल तर बुडाशी बघा. वर पॉलिश असतं, खाली नसतं. शिसवाची म्हणून दिलेली हत्तीची मूर्ती बुडाशी खरवडल्यावर पांढरी निघाली तर रंगवलेलं हलकं लाकूड. खरं शिसव हाताला जड लागतं, रेषा आतपर्यंत जातात. चंदनाचंही तेच, वरून अत्तर चोळलेलं असतं. खरवडलेल्या जागीही वास आला तरच पुढे बोला, आणि पक्की पावती घ्या. परदेशी नेणाऱ्यांनी शिसवाच्या कागदपत्रांची चौकशी आधी करावी, त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं आहेत.

शेवग्याची_शेंग
काका, केळ्याचे वेफर्स खोबरेल तेलातले कुठे मिळतील?

काकाश्री
जिथे कढई दिसते आणि वास येतो तिथे. पाकीटबंद घेऊ नकोस.

राईनकाठ
जुन्या वस्तूंबद्दल एक, आमच्यासारख्या बाहेर राहणाऱ्यांना उपयोगी. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू भारताबाहेर नेता येत नाही, १९७२ चा कायदा. हस्तलिखितांना पंचाहत्तर. म्हणजे दुकानदार ‘दोनशे वर्षं जुनं’ म्हणतो तेव्हा ते खरं असेल तर नेता येत नाही, आणि नेता येत असेल तर बहुधा खोटं असतं. जुनी दिसणारी पण नवी वस्तू असेल तर पावतीवर ‘नवीन, हस्तकला’ असं लिहून घ्या. पुरातत्त्व खात्याचा ‘पुरावस्तू नाही’ असा दाखलाही मिळतो, पण बोटीच्या मुक्कामात ते होणारं काम नाही.

नवं-जुनं ओळखायला झीज कुठे आहे ते बघा. खऱ्या जुन्या पेटीची कडी जिथे घासते तिथेच खड्डा असतो, कोपरे हाताच्या उंचीला गुळगुळीत होतात. सगळीकडे सारखा काळेपणा म्हणजे आम्लाचं काम. आणि आतला स्क्रू फुलीच्या खाचेचा निघाला तर विषय संपला.

नाखवा
जेवण झालं. बोटीचे नियम कंपनीगणिक थोडे वेगळे, पण साधारण असे: तलवार, खंजीर, कोयता, अगदी शोभेचासुद्धा, सुरक्षावाले ठेवून घेतात आणि शेवटच्या दिवशी देतात किंवा देतच नाहीत. मेणबत्त्या, उदबत्त्या खोलीत लावायच्या नाहीत, बऱ्याच ठिकाणी आणायच्याही नाहीत. समई चालते, तेल-वात नाही. रोपं, माती, ताजी फळं नकोत. दारूची बाटली जमा करून पावती मिळते, उतरताना परत.

लक्षद्वीपला थांबा असेल तर किनाऱ्यावरचं प्रवाळ उचलू नका, मेलेलं, पांढरं पडलेलं असलं तरी. वन्यजीव कायद्यात येतं. कोणी विकत देत असेल तरी नको.

उंडगा
गोव्याला थांबली तर फेणी?

नाखवा
घे, पण बोट मुंबईला उतरते. महाराष्ट्रात आणायची तर उत्पादन शुल्काचा परवाना लागतो. मुरगावला उतरून काजू घे, गप बस.

उंडगा
😔

शेवग्याची_शेंग
उरुळीत ठेव म्हणजे घुमेल.

गजरेवाली
केवड्याच्या चटईबद्दल कोणीच लिहिलं नाही! तिथे ताळप्पाय म्हणतात. आपल्या केवड्याचीच पात, काटे काढून, उकळून, वाळवून, चिरून विणतात. हलकी असते, बोटीच्या सामानात वजन नाही. दुपदरी घ्या, एकपदरी वर्षात उसवते. काठ दुमडून आत विणलाय की नुसता कापून शिवलाय ते बघा, कापलेला आधी सुटतो. घडी घातली की घडीवर पात तुटते, गुंडाळीच करायची. आपल्याकडे पावसाळ्यात बुरशी धरते, म्हणून जूनच्या आधी कडक उन्हात एक दिवस, मग कोरड्या जागी उभी. पिशव्या घेत असाल तर बंद कुठे शिवलाय ते ओढून बघा, तिथूनच जातात.

काकाश्री
जड माल हातात घेऊन फिरू नका. मट्टणचेरीला पोस्ट ऑफिस आहे, देशातल्या देशात स्पीड पोस्ट सरळ पडतं. दुकानदार पाठवतो म्हणाला तर घेतलेल्याच नगाच्या बुडावर मार्करनं सही करा, फोटो काढा, पावतीवर वजन लिहून घ्या. बदललेला माल ओळखायचा दुसरा उपाय नाही. आरसा मात्र पोस्टानं नको.

निळीशाई
आरशाची काळजी राहिली. रोज पुसू नका. मऊ सुती कापडानं एकाच दिशेनं, कोरडं. पितळ पॉलिश लावलं की संपला. दमट हवेत डाग पडतो, तो घरी निघत नाही, कारागिराकडेच परत घासायला द्यावा लागतो. बाथरूमजवळ ठेवू नये.

टप्प्याटप्प्यानं
धागा वाचून बायको नेट्टिपट्टम म्हणतेय, हत्तीच्या कपाळावरचा तो साज. बॅगेत कसं आणायचं? घडी घालून?

गजरेवाली
घडी नाही! फुगे (ते अर्धगोल) दबतात, परत उठत नाहीत. दोन फुटांचं असेल तर जाड पुठ्ठ्याच्या नळीवर फुगे बाहेरच्या बाजूला ठेवून सैल गुंडाळा, वरून सुती चादर. आणि घेताना मागची बाजू बघा. फुगे दोऱ्यानं शिवलेले हवेत, चिकटवलेले उन्हाळ्यात एकेक गळतात. नख वाजवा, टक असा प्लास्टिकचा आवाज आला तर भाव निम्म्याहून कमी हवा.

टप्प्याटप्प्यानं
भिंतीला एका खिळ्यावर चालेल का?

गजरेवाली
नको. वरच्या काठात मागून लाकडी पट्टी घालून दोन खिळे. एकावर मधूनच लोंबतं.

उंडगा
फेणीचा परवाना ऑनलाइन मिळतो का हो नाखवा?