समाविष्ट गावांच्या पाण्यासाठी पुण्याने नव्या विहिरी खणाव्यात का?

चर्चेचा प्रस्ताव

पुणे महापालिकेच्या हद्दीत २०१७ साली ११ आणि २०२१ साली आणखी २३ गावे आली. त्यांतली उरुळी देवाची आणि फुरसुंगी पुढे वेगळी झाली, पण उरलेल्या गावांपैकी अनेक ठिकाणी इमारती आधी उभ्या राहिल्या आणि जलवाहिनी अजून वाटेतच आहे. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांचा मिळून साठा २९.१५ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे. त्यावर शहराइतकाच दौंड-इंदापूरच्या शेतीचाही हक्क असल्यामुळे दर उन्हाळ्यात कालव्याच्या आवर्तनावरून, म्हणजे शेतीसाठी पाळीने पाणी सोडण्यावरून, वाद होतो.

तोवर ही गावे टँकरवर जगतात. टँकरचे पाणी बव्हंशी खाजगी विहिरींतून आणि बोअरमधून येते, म्हणजे शहर आजही भूजल पीत आहे. फरक इतकाच की ते तपासणीविना येते आणि पैसे मोजून घ्यावे लागते. माझे म्हणणे असे की भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडून जागा ठरवून घेऊन महापालिकेने स्वतः विहिरी आणि कूपनलिका घ्याव्यात, पाणी शुद्ध करावे आणि ते नळाने द्यावे. धरणाचे पाणी वाढण्याची वाट पाहण्यात एक पिढी जाईल. आपले मत काय?

प्रतिसाद १, वाघोली

प्रस्तावामागची कळकळ मला पटते, कारण आमच्या सोसायटीचे महिन्याचे टँकरचे बिल मीच काढतो. तरीही या प्रस्तावाला माझा ठाम विरोध आहे, आणि त्याचे कारण आपल्या पायाखालच्या खडकात आहे.

पुणे बेसाल्टवर वसलेले आहे. या खडकात पाणी राहते ते वरच्या झिजलेल्या मुरमात, भेगांमध्ये आणि दोन थरांमधल्या सांध्यांत. एक हेक्टर जमिनीखालची पाण्याची पातळी एक मीटरने खाली गेली, तर खडकाची साठवणक्षमता दोन टक्के धरून हाती येते दोनशे घनमीटर, म्हणजे दोन लाख लिटर पाणी. दहा हजार लिटरचे वीस टँकर झाले की ते संपले. माणशी १३५ लिटरच्या हिशेबाने जेमतेम दीड हजार लोकांचा एक दिवस निघेल.

आमच्याकडे बोअरची गाडी आली तेव्हा मी रात्रभर तिथे उभा होतो. आधी तांबूस मुरूम आला, तो ढासळू नये म्हणून केसिंगची नळी बसली, मग नुसता कोरडा करडा भुगा उडत राहिला. १७० फुटांवर भुगा ओला झाला आणि गाडीवाला म्हणाला, ‘दोन इंची पाणी लागलं.’ सगळ्यांनी नारळ फोडला. शेजारच्या दोन इमारतींनी त्याच वर्षी आमच्यापेक्षा खोल बोअर घेतले आणि तिसऱ्या उन्हाळ्यात आमचा पंप अर्धा तास चालून हवा ओढू लागला. विहीर नवी घेतली म्हणून पाणी नवे येत नाही. शेजाऱ्याचेच पाणी आपल्या पाइपात येते.

प्रतिसाद २, धायरी

वरील हिशेब प्रमाणाचा आहे. मला शुद्धतेविषयी लिहायचे आहे.

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, तिथलेच नांदेड गाव, किरकटवाडी आणि आमच्या धायरीत गुइलेन-बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण झपाट्याने वाढले, काहींच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला आणि सगळ्यांचे लक्ष विहिरीच्या पाण्याकडे वळले. त्या आठवड्यांत आमच्या घरी पाणी वीस मिनिटे उकळून, गाळून, निवल्यावर घागरीत भरले जाई आणि तरी मुलाला ग्लास देताना हात अडखळे. ज्या वस्तीत सांडपाण्याची वाहिनी पूर्ण झालेली नाही आणि इमारतीगणिक शोषखड्डे आहेत, तिथे उथळ विहिरीत नेमके काय झिरपते, हे तपासण्याआधी नवी विहीर खणणे मला धोक्याचे वाटते. फुरसुंगी-उरुळीच्या विहिरी कचरा डेपोच्या झिरप्याने कशा गेल्या, हे तर सर्वांनी पाहिले आहे.

मूळ प्रस्तावकाचे उत्तर

धायरीच्या मित्रांची भीती मी हलकी लेखत नाही. पण त्यातून निष्कर्ष विहीर नको असा निघतो, की शुद्धीकरणाऐवजी नुसत्या क्लोरिनवर भागवणे नको असा निघतो? नांदेडच्या विहिरीत धरणाचेही पाणी घेतले जात असे, त्यामुळे खरा प्रश्न शुद्धीकरण केंद्र नसण्याचा होता. आज टँकर भरणाऱ्या खाजगी विहिरीवर तर तेवढीही देखरेख नसते.

वाघोलीकरांचा हिशेब मात्र मला मान्य करावा लागतो. या गावांची सगळी गरज विहिरींवर भागणार नाही आणि मी तसे सुचवायला नको होते. टंचाईच्या तीन-चार महिन्यांपुरता आधार, एवढाच दावा मी आता करतो.

प्रतिसाद ३, सदाशिव पेठ

दोन्ही बाजूंना एक विसर पडला आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, पाठोपाठ खडकवासला गेले आणि शहराचा पाणीपुरवठा बंद पडला, तेव्हा कात्रजहून पेशवेकाळापासून येणाऱ्या पाण्याचे हौद आणि वाड्यांतले आड यांनी पेठा तगवल्या. माझी आई तेव्हा वाड्यातल्या आडावर रहाटाने पाणी शेंदत असे आणि दोराने सोललेले तिचे तळवे महिनाभर बरे झाले नव्हते, असे ती सांगे. तो आड पुढे वाडा पाडताना राडारोड्याने बुजवला आणि त्यावर आता पार्किंग आहे.

म्हणून नव्या कूपनलिका घेण्याआधी शहरात जेवढे जुने आड आणि विहिरी शिल्लक आहेत, त्यांचा गाळ काढावा आणि पाणी तपासून निदान वापरायच्या कामाला लावावे. बागा, बांधकामे आणि गाड्या धुणे यांवर जाणारे धरणाचे पाणी वाचले, तर ते धायरी-वाघोलीकडे वळवता येईल.

प्रतिसाद ४, वाघोली

पेठेतल्या सूचनेला माझा पाठिंबा आहे. प्रस्तावकांच्या सुधारित मागणीला मात्र एक अट घालावीशी वाटते. १८८२च्या सुविधाधिकार कायद्यापासून जमिनीखालचे पाणी जमीनमालकाचे, अशीच आपली समजूत आहे. पिण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीवाचून विहीर घेता येत नाही, हे राज्याच्या भूजल कायद्यात असूनही आमच्या गल्लीत ते कोणाला ठाऊक नाही. महापालिकेने उद्या विहीर घेतली आणि तिच्या भोवती चार बोअर तसेच चालू राहिले, तर पहिल्याच एप्रिलमध्ये तिचा तळ दिसेल. आधी प्रत्येक खाजगी बोअरवर मीटर बसवा, दर महिन्याची पातळी वॉर्ड कार्यालयाबाहेरच्या फलकावर लिहा, आणि दोन पावसाळ्यांच्या नोंदी हाती आल्यावर विहिरीची जागा ठरवा. तोवर टँकरचे बिल मी भरत राहीन.