मदत हवी आहे: कृषिपंपाच्या ऑटो स्टार्टरची टिकाऊपणाची चाचणी कशी आखावी?

नमस्कार मंडळी,

भोसरीतल्या एका छोट्या कारखान्यात डिझाइनचं काम बघतो. थ्री फेज कृषिपंपासाठी ऑटो स्टार्टर बनवतोय. लाइट आली की मोटर चालू, एखादा फेज गेला की बंद. नवा बोर्ड तयार आहे आणि रब्बीच्या आधी माल दुकानात पोचवायचाय.

जुन्या मॉडेलचे परत आलेले बोर्ड उघडले की दोन गोष्टी सारख्या दिसतात: पॉवर सप्लायचा फुगलेला कपॅसिटर आणि रिलेचे, म्हणजे बोर्डावरच्या छोट्या विद्युत स्विचचे, चिकटलेले कॉन्टॅक्ट. रिले चिकटला की फेज गेल्याचं कळूनही मोटर सुटत नाही, वाइंडिंग जळतं. गव्हाला पाणी द्यायच्या दिवसांत शेतकऱ्याच्या गळ्यात रिवाइंडिंगचा खर्च पडतो. म्हणून ही चाचणी कागदापुरती नकोय.

वरून मागणी आहे 90 टक्के विश्वासार्हता, तीही 90 टक्के खात्रीने. म्हणजे 22 नग ठरलेलं आयुष्यभर चालवायचे आणि एकही बिघडता कामा नये. आमच्या चाचणीच्या चेंबरमध्ये इतके मावतच नाहीत. दुप्पट आयुष्य चालवलं आणि वायबुलचा बीटा (वय वाढेल तसं बिघाडाचं प्रमाण कसं बदलतं ते सांगणारा आकडा) 2 धरला तर 6 नगांत भागतं. झिजत जाणाऱ्या कपॅसिटरला हे पटतं, पण विजेच्या सर्जने (व्होल्टेजच्या क्षणिक उसळीने) अचानक उडणाऱ्या एमओव्हीला, म्हणजे ती उसळी शोषणाऱ्या भागाला, तोच बीटा कसा लावायचा?

कपॅसिटरसाठी पत्र्याच्या पेटीत 55 अंश धरलेत. दर 10 अंशांना आयुष्य निम्मं, या ठोकताळ्याने कपॅसिटरचं 85 अंशांवरचं 1000 तासांचं आयुष्य म्हणजे पेटीतले साधारण 8000 तास. रिलेला दिवसाला 10 वेळा चालू-बंद धरलं तर 5 वर्षांत 18,250 फेरे होतात. दर 10 सेकंदांना एक फेरा घेतला तर जेमतेम दोन दिवसांचं काम. मात्र लोड म्हणून बल्ब नको, खऱ्या कॉन्टॅक्टरची (रिलेच्या इशाऱ्यावर मोटर जोडणाऱ्या मोठ्या स्विचची) कॉइलच हवी. कॉन्टॅक्ट खराब होतात ते कॉइलचा प्रवाह तुटतानाच्या ठिणगीने.

माझं मत असं की आधी तीन-चार बोर्ड मुद्दाम मोडावेत. तापमान आणि व्होल्टेज पायरीपायरीने वाढवत न्यावं, काय आधी जातं ते बघून डिझाइन सुधारावं आणि मगच नगांचा हिशोब मांडावा. वरिष्ठांना आधी सर्टिफिकेट हवंय.

ज्यांनी असं काम केलंय त्यांनी सांगा: दमट हवेच्या चाचणीतून काढलेल्या नगांवरच सर्ज मारता का, की त्यासाठी वेगळे नग ठेवता? आणि मोडण्याच्या चाचणीसाठी वरिष्ठांकडून वेळ कसा मिळवलात?