४१० जीबी संगीत नव्या संगणकावर नेताना प्लेलिस्ट आणि तारखा कशा टिकवायच्या?

फोंड्याचा घुमट:
भजनी मंडळाचा संग्रह विंडोज १० वरून विंडोज ११ वर न्यायचा आहे. सुमारे ३१ हजार फायली आहेत. नाट्यसंगीत, अभंग, गायिका केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्या तबकड्यांवरून उतरवलेले राग, चतुर्थीच्या घुमट वाद्यावरच्या आरत्या आणि जत्रेतल्या नाटकांची मंडळानेच केलेली वेव्ह रेकॉर्डिंग. सगळं डी ड्राइव्हवर 'संगीत' फोल्डरात, आयट्यून्समधून चालतं. गाणी कॉपी होतील, पण १४० प्लेलिस्ट, गाण्यांना दिलेले तारे (रेटिंग) आणि 'डेट ॲडेड' जाऊन चालणार नाही. आरती कोणत्या वर्षाची, हे त्या तारखेवरूनच कळतं. नव्या संगणकाला फक्त सी ड्राइव्ह आहे. एक प्लेलिस्ट नेऊन पाहिली, तर मराठी नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं आली.

म्हापसेकर:
तारे, तारखा, प्लेलिस्ट यांतलं काहीच गाण्याच्या फायलीत नसतं. ते 'आयट्यून्स लायब्ररी डॉट आयटीएल' या एका फायलीत असतं आणि त्यात प्रत्येक गाण्याचा पूर्ण पत्ता असतो: डी, मग संगीत, मग पुढचं. म्हणून नव्या संगणकावरही तोच पत्ता तयार करा. बाकी कटकट आपोआप टळते.

डिस्क मॅनेजमेंटमध्ये सी वर उजवी क्लिक, 'श्रिंक व्हॉल्यूम', मोकळ्या झालेल्या जागेत नवा विभाग आणि त्याला डी अक्षर. ४१० जीबी आहे म्हणजे विभाग निदान ६०० चा ठेवा. सी वर तेवढी जागा नसेल किंवा श्रिंक अडलं, तर दुसरी एसएसडी बसवून तिला डी द्या. डी हे अक्षर डीव्हीडी ड्राइव्हने किंवा कार्ड रीडरने आधीच घेतलं असेल, तर त्याला दुसरं देऊन डी मोकळं करा.

आता 'संगीत' फोल्डर जसाच्या तसा डी वर कॉपी करा. नावात एक जागा कमी-जास्त झाली तरी पत्ता चुकला. मग जुन्या संगणकावर आयट्यून्स बंद करून 'म्युझिक' मधला अख्खा 'आयट्यून्स' फोल्डर उचला, कारण अल्बमची चित्रंही त्यातच असतात. नव्यावर तो त्याच जागी ठेवा. तिथलं आयट्यून्स जुन्याइतकं किंवा त्याहून नवं हवं, जुनी आवृत्ती नवी लायब्ररी उघडत नाही. पहिल्यांदा उघडताना शिफ्ट दाबून धरा, 'चूज लायब्ररी' येईल, तिथे हा फोल्डर दाखवा. ॲपल म्युझिकचं वेगळं ॲप इतक्यात टाकू नका. ते आलं की आयट्यून्समध्ये पॉडकास्ट आणि ऑडिओबुकच उरतात.

एक गोष्ट अजिबात करू नका. रिकाम्या आयट्यून्समध्ये 'संगीत' फोल्डर ओढून टाकलात, तर ३१ हजार फायलींना आजची तारीख लागेल.

गाण्याशेजारी उद्गारचिन्ह दिसलं, तर पत्ता सापडला नाही असं समजा. एकावर 'लोकेट' करा. त्याच ठिकाणी बाकीची शोधू का, असं ते विचारतं, हो म्हणा.

डिचोलीकर:
'संगीत' फोल्डर नेताना बाहेरची डिस्क मध्ये घेतलीत तर दोनदा कॉपी होते, ते कशाला? जुनी हार्ड डिस्क काढून साटा-यूएसबी जोडणीने थेट नव्याला लावा. साडेतीन इंची असेल तर १२ व्होल्टचा वेगळा ॲडॉप्टर लागतो, अडीच इंची यूएसबीवरच चालते. यूएसबी ३ वर दीड-दोन तास धरा. चुकून यूएसबी २ च्या खाचेत लावलीत तर तीन तासांच्या वर. पावसाळ्यात हे काम यूपीएसशिवाय सुरू करू नका.

आधी डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो चालवा. 'करंट पेंडिंग सेक्टर' (वाचताना अडणारे संशयित भाग) शून्य नसेल तर मंडळाची रेकॉर्डिंग सर्वांत आधी उतरवा. केसरबाई दुसरीकडे कुठेतरी मिळतील, तुमची चतुर्थी मिळणार नाही.

कॉपी टेराकॉपीने, 'व्हेरिफाय' चालू ठेवून. नंतर दोन्हीकडची फायलींची संख्या आणि 'साइझ' चे बाइट जुळवा. 'साइझ ऑन डिस्क' वेगळा दिसला तर घाबरू नका, तो डिस्कच्या मांडणीवर ठरतो.

सुरंगी:
प्रश्नचिन्हांचं कारण प्लेलिस्ट एम३यू म्हणून काढली, हे. त्या प्रकारात देवनागरी टिकली नाही, आणि त्या फायलीतून ती परत येणार नाही. पुन्हा काढा आणि प्रकार एम३यू८ निवडा, तो युनिकोड आहे. म्हापसेकरांच्या पद्धतीत याची गरज पडणार नाही, पण १४० प्लेलिस्टची ही प्रत जवळ असू द्या.

वेव्हचं जास्त सांभाळा. आयट्यून्समध्ये वेव्हला दिलेलं नाव, गायक, वर्ष फायलीत लिहिलं जातच नाही, सगळं त्या आयटीएलमध्ये. ती बिघडली तर राहतं नुसतं फायलीचं नाव. लायब्ररी नव्यावर नीट उघडली की पहिलं काम म्हणजे आरत्यांच्या 'कॉमेंट्स' मध्ये वर्ष आणि ठिकाण लिहायचं. मग ती निवडून ॲपल लॉसलेस प्रत करा. आवाज तोच, जागा कमी, आणि माहिती फायलीतच बसते. (फ्लॅक आयट्यून्स वाजवत नाही.) नव्या प्रतीला आजची तारीख लागते, म्हणून कॉमेंट आधी.

फोंड्याचा घुमट:
फारच उपयोगी, आभार. एक विचारायचं राहिलं. मंडळातल्या एकाकडे मॅक आहे आणि पुढे नॅसवरही (नेटवर्कला जोडलेल्या साठवणीवर) प्रत ठेवायची आहे. एकच डिस्क सगळीकडे चालेल ना?

सुरंगी:
डिस्क एक्सफॅट मांडणीत फॉरमॅट करा. एनटीएफएस, म्हणजे विंडोजची नेहमीची मांडणी, मॅक फक्त वाचतो. फॅट३२ वर ४ जीबीहून मोठी फाइल बसत नाही, आणि २४ बिट, ४८ किलोहर्ट्झचं स्टीरिओ वेव्ह साधारण ४ तास ८ मिनिटांत तिथे पोचतं. रात्रभर चालणारं नाटक सहज ओलांडेल.

नॅसवर नावांची लांबी बघा. लिनक्सच्या नेहमीच्या मांडणीत एका नावाला २५५ बाइट मिळतात आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, म्हणजे ८५ चिन्हं. 'केसरबाई' डोळ्यांना पाच अक्षरं, पण मात्रा आणि काना वेगळे मोजले जातात: सात चिन्हं, २१ बाइट. राग, ताल, ठिकाण, तारीख सगळं नावात कोंबलेल्या फायली विंडोजवर चालतात, तिथे अडतात.

मॅकच्या जुन्या एचएफएस प्लस डिस्कवर 'ऱ' फोडून र आणि खालचा नुक्ता असा साठतो. 'वाऱ्यावर' दोन्हीकडे दिसतं सारखंच, पण विंडोजला ती दोन वेगळी नावं. एखाददुसरंच गाणं सापडेना झालं तर आधी त्यात ऱ आहे का पाहा.

डिचोलीकर:
जुनी डिस्क निदान येती चतुर्थी होईपर्यंत पुसू नका. झिपलॉक पिशवीत सिलिका जेल घालून डब्यात ठेवा आणि पावसाळा संपला की एकदा लावून बघा.